पावसाळी शनिवार आणि दीडशे पानांची कादंबरी

पत्र : जूनपासून ठरवलंय, शनिवारी रात्री बाहेर जेवायला जायचं नाही. कर्वेनगरातून डेक्कनला पोचायला पावसात तास लागतो. घरात आम्ही दोघं, अकरा वर्षांची मुलगी आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई. बेत असा की कधी सगळ्यांनी मिळून चित्रपट बघायचा, कधी टीव्ही बंद ठेवून वाचायचं. होतं असं की रिमोट हातात घेऊन पाऊण तास नुसती शोधाशोध, मग कुणाच्याच पसंतीचं नसलेलं काहीतरी लावायचं आणि अर्ध्यात सासूबाईंची मान कलते. त्यांना ऐकायला कमी येतं, बारीक अक्षरही वाचवत नाही. मुलगी म्हणते, मराठी बोअर असतं. मी हौसेनं ‘तुंबाडचे खोत’ आणली, भुताची असेल म्हणून. साठाव्या पानावर अडकले आहे, भूत काही येत नाही. नवरा म्हणतो, प्रोजेक्टर घेतला की सगळे आपोआप बसतील. कादंबऱ्या आणि चित्रपट नेमके सुचवा. – एक वाचक, कर्वेनगर

स. न. वि. वि.

भूत येणार नाही. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ ही कोकणातल्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांची गोष्ट आहे. २०१८ च्या ‘तुंबाड’ या हिंदी चित्रपटानं त्यातलं फक्त नाव उचललं, कथानकाचा एकमेकांशी संबंध नाही. चित्रपट पाहून ही कादंबरी घेणारे आणि साठ-सत्तर पानांनी गोंधळणारे खूप आहेत, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका. दोन खंड, हजारावर पानं आहेत. मराठी कादंबरीच्या पानावर साधारण पावणेतीनशे-तीनशे शब्द असतात, मनात वाचताना तासाला चाळीस पानं होतात. म्हणजे पंचवीस तासांहून जास्त. शनिवारी दीड तास मिळाला तर जूनमध्ये उघडलेली कादंबरी दिवाळीपर्यंत पुरेल आणि मधे एक शनिवार चुकला की कोण कुणाचा चुलता हे पुन्हा पहिल्यापासून. दिवाळीच्या सुट्टीसाठी ती बाजूला ठेवा. पुस्तक थोर आहे, फक्त शनिवारचं नाही.

तुमची खरी अडचण निवडीच्या वेळेत आहे. शनिवारी रात्री पावणेनऊला चार माणसांनी मिळून निवड करायची म्हटलं की सगळ्यात कमी विरोध असलेली गोष्ट लागते, आणि ती बहुधा सगळ्यात फिकी असते. निवड गुरुवारी करा, एकानंच करा, आणि पाळी लावा. सासूबाईंचीही पाळी धरा. ज्याची पाळी त्यानं चित्रपट कुठे मिळतो हे गुरुवारीच बघून ठेवायचं. कोणत्या ॲपवर काय आहे हे इथे मुद्दाम लिहीत नाही, कारण हक्क दर काही महिन्यांनी इकडून तिकडे जातात. शोधताना नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही प्रकारे टाकून पाहा, रोमनमध्ये स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी. यूट्यूबवर सापडला तर लांबी तपासा. एक तास पन्नास मिनिटांचा चित्रपट तिथे दीड तासाचा दिसला तर कात्री लागलेली आहे. मधला कुठलाही एक प्रसंग लावून बघा : माणसांची डोकी वरून कापलेली दिसली तर चौकोनी चित्र रुंद पडद्यात कोंबलेलं आहे, ती प्रत सोडा.

आता कादंबऱ्या. मराठीत भारदस्त जाडजूड ऐतिहासिक-पौराणिक कादंबरीचा दबदबा फार, लग्नात आहेर म्हणून तीच येते. पण या भाषेतली कितीतरी पक्की कामं दीडशे पानांच्या आतबाहेर उरकलेली आहेत आणि पावसाळी रात्रीसाठी आमचा कौल त्यांनाच आहे.

घरात ज्येष्ठ माणसाला वाचवत नसेल तर मोठ्यानं वाचणं हाच उपाय, आणि त्यासाठी पहिली निवड व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, सुरुवातीला त्याला कुणी विचारत नाही, मग म्हातारा कारभारी त्याला धरून उभा राहतो, वाडीत तालीम बांधायचं निघतं. वाक्यं आखूड, प्रसंग लहान, संवाद माणदेशी. मोठ्यानं वाचताना तासाला पंचवीस पानं होतात, त्याहून घाई केली तर ऐकणाऱ्याची तारांबळ उडते. तासाभराची बैठक धरली तर पाच-सहा शनिवारांत संपते. दोन सूचना. संवादातली बोली तुम्हाला जमत नसेल तर नाटकी सूर काढू नका, सरळ वाचा, ती लिहिलीच अशी आहे की सरळ वाचली तरी बोलते. आणि शेवटाकडे दुष्काळ येतो, वाडी रिकामी होऊ लागते. ती पानं उगाच दोन बैठकांत तोडू नका, एका दमात संपवा. अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये यावर चित्रपट केला. तो पुस्तक संपल्यावर लगेच लावू नका, तीन-चार आठवडे जाऊ द्या. लगेच पाहिला तर डोळे चूक काढत बसतात, ‘आपला कारभारी असा नव्हता’ म्हणून.

गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ तुमच्या घरापासून फार लांब घडत नाही. लोणावळ्याजवळच्या राजमाचीवर मुंबई सोडून परत आलेला म्हातारा, झाडं, जनावरं, पाऊस. घटना जवळजवळ नाहीत. इथे एक धोका आहे : दिवसभर कामानं थकलेल्या माणसाला हे पुस्तक वीस मिनिटांत झोपवतं. जेवणाआधी, सात-साडेसातला वाचा, रात्री नको.

तुमच्यासाठी, एकटीनं, मुलगी झोपल्यावर : विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’. १९३९ ची, दुसरं महायुद्ध तोंडावर असतानाची. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, आणि चक्रधर नावाचा मराठी तरुण व हॅर्टा यांची त्या थोड्या दिवसांतली गाठ. एका रात्रीत संपते आणि एका रात्रीतच संपवावी. नऊला सुरू केली तर बाराच्या आत होते. मधे फोन पाहिला तर बोटीवरून उतरल्यासारखं होतं आणि पुन्हा चढता येत नाही. भाषा ऐंशी वर्षांहून जुनी असूनही कुठे अडत नाही, हे त्या पुस्तकाचं वेगळंच नवल.

नवऱ्याला, विशेषतः तो इंजिनिअर असेल तर, प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’ द्या. हिमालयात सतलजच्या काठानं कड्यातून रस्ता काढायचं काम, लष्करी शिस्तीत जाऊन पडलेला विश्वनाथ मेहेंदळे नावाचा तरुण सिव्हिल इंजिनिअर, आणि नियम मोठा की जीव, हा पेच. सुरुंग, दरडी, मजूर हे सगळं नेमकं आहे. ज्यांनी दहा वर्षांत कादंबरी हातात धरली नाही अशांना वाचायची सवय परत लावायला आम्ही हेच पुस्तक सांगतो. पहिली तीस पानं झाली की माणूस परत फोनकडे वळत नाही.

सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही तुम्हा दोघांसाठी. मुलीसाठी नाही. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, त्यात पेइंग गेस्ट म्हणून आलेला मुलगा, आणि त्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण. अर्धी गोष्ट भाऊ सांगतो, अर्धी बहीण. यावरचा २०२२ चा चित्रपट गोष्ट पुण्यातून उचलून केरळात नेतो, त्यामुळे पुस्तकातलं ते घर आणि घरातला दाबलेला आवाज तिथे शोधू नका. माडगूळकरांचीच ‘सत्तांतर’ही शंभर पानांच्या आतली, वानरांच्या टोळीतल्या सत्तेच्या उलथापालथीची. उत्तम आहे, पण नव्या नरानं टोळीतली पिल्लं मारणं त्यात आहे. पांघरुणात शिरून वाचायचं पुस्तक म्हणून आणाल आणि झोप घालवून बसाल.

भूतच हवं असेल तर नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी. धारपांच्या कादंबऱ्या एका बैठकीच्या नाहीत, पण मतकरींच्या गूढकथा पंधरा-वीस पानांत आटपतात, मोठ्यानं वाचायला सोयीच्या. एका रात्री एकच. दोन वाचल्या की दुसरीचा शेवट लोक आधीच ताडायला लागतात आणि भीती जाते. ‘खेकडा’ ही कथा मुलीसमोर वाचू नका.

मुलीचं ‘मराठी बोअर’ हे म्हणणं मनावर घेऊ नका आणि तिला त्यावरून भाषणही देऊ नका. अकरा वर्षांच्या वाचकाला पहिल्या दोन पानांत काहीतरी घडलेलं हवं असतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा, शाळा पुण्यातली विद्याभवन. त्याच्या सायकलीखालचे रस्ते तिच्या ओळखीचे निघतील. पुस्तकं पातळ आहेत, एक तिच्या हातात द्या आणि विसरून जा. पण २०१७ चा ‘फास्टर फेणे’ चित्रपट त्याच मुलाचा समजून लावू नका. त्यात बन्या मोठा झालेला आहे आणि गोष्ट वैद्यकीय प्रवेश परीक्षेतल्या घोटाळ्याची, खून वगैरे असलेली आहे. तेरा-चौदाची झाली की बघेल. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ वर्षभरात झेपेल. इंग्रजी वाचणारी असेल तर उलट्या वाटेनं आणा : शान्ता शेळक्यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ आणि राम पटवर्धनांनी आणलेलं ‘पाडस’. ‘पाडस’ जाड आहे आणि शेवट जिव्हारी लागणारा आहे. शेवटची प्रकरणं ती वाचत असेल त्या दिवशी घरात कुणीतरी असू द्या. मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मात्र नववी-दहावीपर्यंत थांबू दे. तिची गोडी त्या वयात असण्यात किंवा ते वय मागे टाकल्यावर आहे, मधे नाही.

पुस्तकं विकत घेण्याआधी अप्पा बळवंत चौकात जाऊन हातात धरून अक्षराचा आकार बघा. एकाच कादंबरीच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत टाइप लहान-मोठा असतो आणि ऑनलाइन चित्रात तो कळत नाही. वाचनालयातून जुनी प्रत आणलीत तर पावसाळ्यात ती दमट असते. उन्हात टाकू नका, पुठ्ठा वाकतो. पंख्याखाली तासभर उघडी उभी करून ठेवा, कोरड्या फडक्यानं कडा पुसा. भिंतीला चिकटलेल्या फडताळात पुस्तकं आणि भिंत यांत दोन बोटं जागा सोडा, बुरशी भिंतीकडूनच येते.

चित्रपटांत तुमच्या चौघांना एकत्र बसवणारा पहिला : परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा उभा केला त्याची गोष्ट, पण रडगाण्याशिवाय. घरातलं सामान विकलं जातंय, बायको-मुलं कामाला जुंपलेली, आणि तरी घर खेळकर. कुंडीतल्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करण्याचा प्रसंग मुलीला नक्की आवडेल. दुसऱ्या दिवशी वाटीत मटकी भिजत घालून ती फोनवर तेच करायला बसेल. करू द्या. लांबी पावणेदोन तासांच्या आत, म्हणजे पावणेनऊला सुरू करून साडेदहाला झोप.

दुसरा त्यांचाच ‘एलिझाबेथ एकादशी’. पंढरपूर, यात्रेची गर्दी, कर्जापायी अडचणीत आलेली आई आणि सायकल विकली जाऊ नये म्हणून पैसे जमवायला निघालेली मुलं. सासूबाई वारकरी घरातल्या असतील तर त्यांना यातलं गाव ओळखीचं वाटेल. तिसरा अविनाश अरुणचा ‘किल्ला’. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला चिन्मय तुमच्या मुलीच्याच वयाचा आहे. यात पाऊस इतका आहे की बाहेरचा आणि आतला वेगळा काढता येत नाही. मात्र पात्रं हळू बोलतात, मुलं तर पुटपुटतात. सासूबाईंना हा त्रासाचा जाईल, त्यांची झोपायची वेळ झाल्यावर लावा.

उमेश कुलकर्णींचा ‘वळू’ सगळ्यांसाठी आहे, एका अटीवर : स्वयंपाकघर बंद. मोकाट सुटलेला डुरक्या वळू पकडायला वन अधिकारी येतो आणि सगळं गाव त्याला मदत करायला लागतं, एवढंच. त्यातला विनोद माणसं एकाच वेळी बोलतात त्यात, मागे कोण काय करतंय त्यात आहे. भजी तळता तळता ऐकला तर ‘काय घडलंच नाही’ म्हणाल. कांदाभजी हा पावसाळी चित्रपटाचा शत्रूच आहे. गरम हवीत म्हणून एक माणूस पाऊण तास गॅससमोर, आणि तो नेहमी एकच असतो. मुगाची खिचडी, पापड, ताकाची कढी साडेआठपर्यंत उरकून बसा, नंतर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा न बघता खाता येतात. याला अपवाद कुंडलकरांचा ‘गुलाबजाम’. लंडनची नोकरी सोडून पुण्यात मराठी स्वयंपाक शिकायला आलेला तरुण आणि डबे करणारी राधा. पडद्यावर ताटं इतक्या जवळून दिसतात की उपाशीपोटी बसवत नाही. तो पोटभर जेवूनच बघा, आणि गोड काहीतरी मधल्या वेळेसाठी राखून ठेवा. मुलीला पहिला अर्धा तास आवडेल, पुढचं संथ वाटेल.

सासूबाईंच्या पाळीला प्रभात. लॉ कॉलेज रोडवर जिथे आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता, १९३३ मध्ये कोल्हापूरहून आलेला. ‘संत तुकाराम’, १९३६. विष्णुपंत पागनीस तुकाराम, पण चित्रपट खाऊन टाकते ती गौरीची जिजाई : भडकणारी, देवालाही न सोडणारी, नवऱ्यावर जीव असलेली. भक्तिपट म्हणून नाक मुरडणाऱ्या मुलीला फक्त जिजाईकडे बघ म्हणावं. दुसरा ‘कुंकू’, १९३७, व्ही. शांताराम. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात मारलेली नीरा हे लग्न मान्यच करत नाही. यात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते घरातलं, रस्त्यावरचं, ग्रामोफोनवरचं. शान्ता आपटे एक इंग्रजी कविताही म्हणतात. एकदा कान देऊन बघाच. हे दोन्ही चित्रपट जवळपास चौकोनी चित्राचे आहेत; टीव्हीच्या मेनूत चित्राचा आकार ‘मूळ’ किंवा ४:३ ठेवा. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून ताणलात तर पागनीस पैलवान दिसतात.

ऐकू येण्याचं बघू. वयानं बहुधा आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी होतात. स, श, फ, थ ही अक्षरं हरवतात आणि शब्द नुसते गडगडल्यासारखे येतात. नुसता आवाज वाढवला तर गडगड वाढते आणि मुलगी कानावर हात ठेवते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘सराउंड’ बंद करा, ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा तत्सम नावाची सोय असते ती चालू करा, बास कमी करा. ॲपमध्ये ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) आणि स्टिरिओ (दोन स्पीकरांसाठीचा) असे पर्याय दिसले तर स्टिरिओ घ्या. टीव्हीच्या दोनच स्पीकरांवर ५.१ वाजवलं की संवाद बऱ्याचदा दबतात आणि गाणी अंगावर येतात. सासूबाईंची खुर्ची टीव्हीपासून सात-आठ फुटांवर, कडेला नको. मराठी चित्रपटांना सबटायटल बहुतेक इंग्रजीच मिळतात, त्यांचा त्यांना उपयोग नसेल तर बंद करा, नजर खाली ओढली जाते. बऱ्याच टीव्हींवर ‘मोशन’ किंवा तत्सम नावाची हालचाल गुळगुळीत करणारी एक सोय असते, तीही बंद. तिच्यामुळे चांगला चित्रपट मालिकेसारखा दिसतो.

वाचनाच्या रात्री मोठा दिवा बंद करून मंद प्रकाशात बसायची हौस सासूबाईंच्या कामाची नाही. सत्तरीतल्या डोळ्याला तरुण डोळ्याच्या दुपटीहून जास्त प्रकाश लागतो. नऊ वॉटचा एलईडी, डब्यावर २७०० किंवा ३००० के लिहिलेला पिवळसर, खांद्याच्या मागून पानावर पडेल असा. चकचकीत कागदावर उजेड समोरून आला तर पान चमकतं. पावसात वीज जाते त्या भागात राहत असाल तर राउटरसाठी छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, पण राउटरचा ॲडॅप्टर आधी उलटा करून त्यावरचे व्होल्ट आणि ॲम्पिअर वाचा. काही राउटर ९ व्होल्टचे असतात.

राहिला प्रोजेक्टर. शंभर इंची चित्राची रुंदी सव्वादोन मीटरच्या जवळ येते. साधारण प्रोजेक्टरला त्यासाठी पडद्यापासून पावणेतीन ते तीन मीटर मागे बसावं लागतं, म्हणजे तुमच्या हॉलमध्ये तो नेमका सोफ्यावर बसलेल्यांच्या डोक्याशी येणार आणि त्याच्या पंख्याची घरघर सासूबाईंच्या कानाशी. त्यात त्याचा स्वतःचा स्पीकर क्षीण. जुन्या चित्रपटांच्या ज्या प्रती मिळतात त्या बत्तीस-चाळीस इंचांवर ठीक दिसतात, शंभर इंचांवर त्यांचे ठिपके मोजता येतात. नवऱ्याला खर्च करायचाच असेल तर त्याच पैशात आधी एक साउंडबार घ्या, ज्यात संवादासाठी मधला वेगळा स्पीकर आहे असा, म्हणजे खोक्यावर २.० किंवा २.१ ऐवजी ३.० किंवा ३.१ लिहिलेला. दुकानात गाणं लावून दाखवतील, तुम्ही बातम्या लावायला सांगा.